गोठलेला बेडूक आणि चार तासांचे हृदय

कॅनडात आमच्या ओटावाजवळच्या रानात एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागले की डबक्यांतून बदके बोलल्यासारखा आवाज येतो. तो वुड फ्रॉगचा, म्हणजे जेमतेम दोन इंचांच्या तपकिरी बेडकाचा. पालापाचोळ्याखाली हिवाळा काढताना त्याच्या अंगातील सुमारे दोनतृतीयांश पाणी गोठते, श्वास आणि हृदय थांबते. ऊब मिळाली की तो पुन्हा उड्या मारू लागतो.

पुण्यातील आमच्या नातेवाइकांत सध्या याच बेडकावरून वाद चालू आहे. मामांना त्यात संजीवन समाधीचा पुरावा दिसतो, तर भाच्याला क्रायोनिक्सचा, म्हणजे पुढे कधीतरी जिवंत होण्याच्या आशेने मृतदेह उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचा.

मला दोघांचेही पटत नाही, कारण बेडूक मेलेलाच नसतो. ओटावातील कार्लटन विद्यापीठात केन आणि जॅनेट स्टोरी यांनी अनेक वर्षे हाच अभ्यास केला. कातडीवर बर्फ धरू लागताच बेडकाचे यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचे ग्लुकोज करते आणि अजून धडधडणारे हृदय ते अवयवांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे बर्फ पेशींच्या बाहेर धरतो आणि आत साखरेचा दाट पाक उरतो. ही सगळी तयारी जिवंत शरीर करते. क्रायोनिक्सची सुरुवात मात्र डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्यानंतर होते, आणि तेथे तर रसायने भरून बर्फ मुळीच होऊ न देण्याचा प्रयत्न असतो. १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड या अमेरिकी प्राध्यापकाचा देह असा गोठवला गेला. तेव्हापासून आजवर कोणीही परतलेले नाही. (कॅनडातीलच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ही सेवा विकण्यास कायद्याने बंदी आहे, हे भाच्याला कळवले आहे.)

या संशोधनाचा खरा उपयोग अवयवांसाठी आहे. दात्याचे हृदय बर्फाच्या पेटीत चार-सहा तासच टिकते, म्हणून मुंबई-पुण्यात रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका पळवावी लागते. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने उंदरांची मूत्रपिंडे बर्फ न होऊ देता काचेसारख्या अतिथंड अवस्थेत १०० दिवसांपर्यंत ठेवली, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साह्याने एकसारखी ऊब देऊन ती पुन्हा बसवली आणि ती कामही करू लागली. माणसाचे मूत्रपिंड कितीतरी मोठे, त्यामुळे तेथवर पोहोचायला वेळ लागेल.

आमच्या ऑन्टारिओ प्रांतात वाहनचालक परवान्याचे नूतनीकरण करताना खिडकीवरच अवयवदानाविषयी विचारतात. हातमोजे काढून मी होकार नोंदवला. मामांनी अर्ज भरला का, असे मी परवा विचारले. त्यांनी उत्तरादाखल समाधीवरचा आणखी एक व्हिडिओ पाठवला.