‘उपटणे’ या क्रियापदाबद्दल: ‘श्वानसखा’ यांना उत्तर

श्वानसखा,

मिरी या माझ्या बॉर्डर टेरिअर जातीच्या कुत्रीचे केस मी हाताने कसे काढते, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली आणि दुपारी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, सोडून दे. मी सोडून देणाऱ्यांतली असते तर ब्लॉग कशाला लिहीत बसले असते?

तुम्ही पाच-सहा मुद्दे मांडलेत. पण मला लागलं ते एकच वाक्य: “सातासमुद्रापार जाऊन मुक्या जिवाचे केस उपटता आणि वर त्याला कला म्हणता, कमाल आहे.”

‘उपटता’. हे क्रियापद मराठीत कुठे आणि कसं वापरतात हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. ‘काढता’ लिहिता आलं असतं. ‘खुडता’ तर अगदी चपखल बसलं असतं. तुम्ही नेमका तोच शब्द उचललात, आणि पुढे हसणारा चेहरा टाकलात. मतभेद मला चालतात. हा सूर चालत नाही.

आता त्या ‘उपटण्या’बद्दल. बॉर्डर टेरिअरच्या अंगावर दोन थर असतात: खाली दाट मऊ लव, वर काथ्यासारखे राठ केस. वरचा केस पुरता वाढला की मुळाशी त्याची पकड ढिली होते, पण तो आपणहून झडत नाही, तिथेच अडकून राहतो. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत चार-सहा केस शेंड्याकडून धरायचे आणि ज्या दिशेला वाढलेत त्याच दिशेला ओढायचे. पिकलेलं पान देठातून सुटावं तसे सुटून येतात. कच्चा केस हाताला विरोध करतो, तो सोडून द्यायचा. बोटं घसरू नयेत म्हणून जरासा खडू लावायचा. आधी आंघोळ घालायची नाही, कारण धुतलेला केस मऊ पडतो आणि चिमटीतून निसटतो. पोट, काख, जांघ इथे मीही कात्रीच वापरते. हे लेखातही लिहिलं होतं, पण तिथपर्यंत तुम्ही वाचलं असेल असं वाटत नाही.

मशीन का फिरवत नाही? मशीन केस मध्येच कापतं. मेलेलं मूळ आतच राहतं, नवा राठ केस नीट येत नाही आणि दोन-चार वेळा मशीन फिरलं की सगळं अंग लोकरीसारखं मऊ आणि फिकट होत जातं. पुण्यात सोफ्यावर बसणाऱ्या कुत्र्याला त्याने काही फरक पडत नसेल. मी राहते ते इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलँडमध्ये, कोकेट नदीच्या खोऱ्यात. चेव्हिअटच्या डोंगरांवरून इथे पाऊस आडवा येतो. या कुत्र्यांना पूर्वी कोकेटडेल टेरिअरच म्हणत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या केनेल क्लबने बॉर्डर टेरिअर या नावाने मान्यता दिली ती १९२० साली. कोल्ह्याच्या शिकारीत घोड्यांमागे मैलोन्‌मैल धावायचं आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे शिरायचं, हे त्यांचं काम. म्हणून तर छाती माणसाच्या दोन पंजांत मावावी असं या जातीत अजूनही बघतात. राठ केसावर पाणी टिकत नाही, चिखल वाळला की झटकून निघतो, काटेरी झुडपांत अंग सोलवटत नाही. मऊ केसांत चिखलाचे गोळे होतात आणि गोचीड सापडता सापडत नाही.

आणि जनावराला हात कसा लावावा हे मला शिकवू नका. माझा आजा माणदेशातला धनगर. वर्षातून दोनदा मेंढ्यांची कातरणी असायची आणि सात वर्षांची मी मेंढीचे पाय धरून बसायची. कातडी कुठे थरथरते, जनावर कधी श्वास रोखतं, हे मला बोटांनी कळतं. तुमच्या प्रोफाइलवरच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या गळ्यात गुलाबी बो आहे. त्याला विचारून बांधलात का? मी काही बोलले नव्हते.

मिरी तर माझ्या मांडीवर चक्क घोरते. शेपटीजवळ आणि मांड्यांमागे कधीकधी कुंई करते, पण ती नखं कापतानाही करते.

एक चूक मात्र मान्य. “सगळ्या टेरिअरांचे केस हातानेच काढतात” हे मी सरसकट लिहिलं. बेडलिंग्टन टेरिअर इथल्याच खाणकामगारांचा, पण त्याचे केस मऊ, ते कात्रीनेच कापतात. वाक्य दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी सुधारते, तेवढी दानत आहे.

तुमचे बाकीचे प्रश्न थोडक्यात. मी प्रशिक्षित ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांच्या केसांची निगा राखणारी, आहे का? नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याकडून शिकले, त्याचा जन्म या कुत्र्यांत गेला. इथे कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंदी आली, मग कामाचे राठ केस हवेत कशाला? कायदा २००४चा, लागू झाला फेब्रुवारी २००५मध्ये, मला माहीत आहे. मिरी कोल्ह्यामागे जात नाही, शेतावरच्या कोठारात उंदीर मारते. उंदरांना त्या कायद्याचं संरक्षण नाही. नसबंदी झालेल्या कुत्रीचे केस लोकरी होतात, नीट सुटत नाहीत, मग मिरीवर हा प्रयोग का? मिरीची नसबंदी झालेली आहे, हो. त्यावर सवडीने लिहीन.

तुमची त्यानंतर आलेली एका ओळीची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. का, ते तुम्हाला कळेल.

लेखातले मिरीचे सगळे फोटो डाव्याच बाजूचे का, असंही विचारलंत. उजवी बाजू अजून व्हायची आहे.