माकडिणीला भांडं कशाला लागतं?

‘मुलगी जन्मतःच राजकन्या असते’ हा लांबलचक मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरत होता तोवर दुर्लक्ष करता येत होतं. आता जवळची माणसंही ‘हे वाच आणि मुलीवर ब्लॉक्स लादणं थांबव’ असं म्हणत तो पाठवू लागली, म्हणून हे लिहिणं आलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गुलाबी रंग आणि बाहुल्या मुलींच्या मेंदूतच असतात, माकडांवरच्या प्रयोगातून ते सिद्ध झालंय, गणित नि जोडाजोड हा मुलींचा पिंड नाही, आणि ‘राजकन्या’ म्हणत वाढवलं की आत्मविश्वास आपोआप येतो.

आधी माकडं, कारण सगळा डोलारा त्यांच्याच खांद्यावर आहे. प्रयोग खरा आहे, 2002 सालचा, व्हर्वेट जातीच्या माकडांवरचा. नरांनी चेंडू आणि खेळण्यातली गाडी जास्त वेळ हाताळली, माद्यांनी बाहुली आणि स्वयंपाकाचं भांडं. हो, भांडं! संशोधकांनी ते ‘मुलींची खेळणी’ या गटात घातलं होतं. ज्या प्राण्याने जन्मात चूल पाहिली नाही, त्याच्या मादीला उपजत स्वयंपाकाची ओढ असते, असं मेसेज लिहिणाऱ्याला खरंच म्हणायचंय का? माद्यांना त्या वस्तूचं काही आवडलं असेल, तर तो तिचा रंग असेल किंवा आकार असेल. ‘स्वयंपाक’ नक्कीच नाही. गट माणसाने पाडले आणि निष्कर्ष निसर्गाच्या नावावर खपवला. पुढे 2008 साली ऱ्हीसस माकडांवर असाच प्रयोग झाला. त्यात नरांचा कल चाकांच्या खेळण्यांकडे स्पष्ट दिसला, माद्या मात्र चाकांची आणि मऊ अशी दोन्ही खेळणी खेळल्या. म्हणजे माकडिणींचा दाखला द्यायचाच, तर मुलीला गाडीही द्यायला हवी.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींच्या) एका जन्मजात विकारामुळे ज्या मुलींना गर्भात अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त मिळतं, त्या सरासरीने गाड्या आणि ब्लॉक्सकडे जास्त वळतात. म्हणजे आवडीनिवडीत हार्मोन्सचा काही वाटा आहे. पण कल असणं वेगळं आणि कुवत नसणं वेगळं.

गुलाबीचं प्रकरण दोन ओळींत संपतं. सात महिने ते पाच वर्षांच्या मुलांसमोर वस्तूंच्या जोड्या ठेवल्या, प्रत्येक जोडीत एक गुलाबी. तान्ह्या मुलींना गुलाबीचं काही विशेष नव्हतं. ओढ दिसू लागली ती दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, ‘मी मुलगी’ हे कळू लागण्याच्या वयात. आणि त्याच सुमारास मुलगे गुलाबी टाळू लागले. म्हणजे मेसेज म्हणतो तशी ही ओढ जन्मतः दिसत नाही.

गणिताचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. 2008 साली अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या 70 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण तपासले, तेव्हा मुलामुलींच्या सरासरीत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. फरक पडतो तो स्वतःबद्दलच्या समजुतीत, आणि तो केव्हा पडतो तेही ठाऊक आहे. ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात 2017 साली आलेला अमेरिकी अभ्यास पाहा. मुलांना ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली आणि चित्रांतून ते माणूस ओळखायला लावलं. पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच वेळा आपल्या बाजूची, म्हणजे बाईची निवड करत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलं. ‘शाळेत चांगले गुण कुणाला मिळतात’ असं विचारलं, तर मात्र त्याच मुली मुलींकडेच बोट दाखवत होत्या. गुण आमचे, हुशारी त्यांची! मग ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून एक खेळ दाखवला, तेव्हा या मुलींना त्यात मुलग्यांपेक्षा कमी रस वाटला. तसाच खेळ ‘खूप मेहनत करणाऱ्यांसाठी’ म्हटल्यावर असा फरक दिसला नाही. अशा वयात ‘हा तुझा पिंड नाही’ हे घरातूनच ऐकवायचा सल्ला हा मेसेज देतोय.

आता राजकन्या. 2016 च्या एका अभ्यासात राजकन्यांमध्ये जास्त रमलेल्या मुलांचं वागणं वर्षभराने साचेबंद ‘मुलींसारखं’ जास्त दिसलं. पण त्याच संशोधकांनी पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा लहानपणी रमलेल्या मुलांचे स्त्री-पुरुषांबद्दलचे विचार उलट मोकळे निघाले. त्यामुळे मुकुट कचऱ्यात टाकायची गरज नाही. बंदी घातली की त्याचंच वेड वाढतं. झगा घोट्याच्या वर राहील एवढा आखूड करा, आत लेगिंग घाला, टाचांचे बूट काढून घ्या. राजकन्येला चढता-पळता आलं पाहिजे.

आणि ब्लॉक्स नीट द्या. पाच-सहा ठोकळे पुढ्यात टाकले की मनोरा होतो, पडतो, दोन मिनिटांत खेळ संपतो आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आवडत नाही तिला.’ निदान चाळीस-पन्नास लागतात, थोड्या लांब पट्ट्यांसकट, आणि तिच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर. आधी तुम्ही सहा-सात ठोकळ्यांचं काहीतरी रचा आणि तिला तसंच करायला सांगा, मग चित्र पाहून, मग पूल. बाहुली बाजूला ठेवायला लावू नका, पूल तिच्यासाठीच बांधायचाय. बोलताना ‘मधोमध’, ‘तिरकं’, ‘आरपार’ असे शब्द येऊ द्या. पूल पडतो तो बहुधा दोन कारणांनी: खांबांतलं अंतर पट्टीपेक्षा जास्त असतं किंवा खांब कमीजास्त उंचीचे असतात. कारण सांगू नका, हातही लावू नका. ‘कुठली बाजू आधी खाली आली?’ एवढंच विचारा आणि थांबा.