स्पिरिटचा बोळा

मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्यात घडलेला एक प्रसंग अजून मनातून जात नाही, म्हणून ही पोस्ट लिहीत आहे. रुग्णांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत गेली बावीस वर्षे मी दवाखाना चालवते. सुट्टीला घरी आलेले ओळखीतले वैद्यकीय विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतात. त्या सकाळी असाच तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, अतिशय हुशार, आणि विडीवाल्या आजींशी तेलुगूत अशा मायेने बोलणारा की त्या औषधाआधीच निम्म्या बऱ्या व्हाव्यात. अकरा रुग्ण त्याने नीट तपासले. बाराव्या रुग्ण म्हणून एक तृतीयपंथी ताई आल्या. त्यांना आठ दिवसांपासून खोकला होता. त्याने मान वर न करता दोन प्रश्न विचारले, पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला न टेकवला, आणि त्या खुर्चीवरून उठायच्या आतच स्पिरिटचा बोळा घेऊन स्टेथोस्कोप तीन वेळा पुसला. आधीच्या अकरा जणांनंतर त्याने तो एकदाही पुसला नव्हता. ताईंनी ते पाहिले, चिठ्ठीची घडी घातली आणि काही न बोलता त्या निघून गेल्या.

मी त्याला विचारले, तेव्हा आपण असे काही केले हेच त्याला आठवेना. तो खोटे बोलत नव्हता. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४चा, समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७चा २०१८चा, हे त्याला तोंडपाठ होते. डोक्याला जे ठाऊक होते ते हातापर्यंत पोचलेले नव्हते, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याच अंतराची.

हात हे शिकतो कुठे? माझे शिक्षण दुसऱ्या जिल्ह्यात झाले. फॉरेन्सिकच्या, म्हणजे न्यायवैद्यकशास्त्राच्या तासाला ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’ हे प्रकरण आले, तेव्हा सरांनी मागच्या बाकाकडे बघत एक शेरा मारला आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ साली काढली होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. पण त्या वर्गात हे कोणी उच्चारलेसुद्धा नाही. होस्टेलमध्ये ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ या हाका दिवसभर चालत. त्या वर्गात आणि त्या होस्टेलमध्ये समलिंगी मुलेमुली असणारच, आणि त्यांनी ती साडेपाच वर्षे कशी काढली असतील याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

पुस्तके बदलली, हे खरे आहे. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी, या विषयातले आपले अज्ञान उघडपणे मान्य करून आणि स्वतः समुपदेशकाकडे जाऊन समजून घेऊन, जो आदेश दिला, त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना पाठ्यपुस्तकांबाबत सूचना दिल्या आणि २०२२ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही आयोगाच्याच ३१ ऑगस्ट २०२४च्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिकता पुन्हा लैंगिक गुन्ह्यांमध्ये येऊन बसली. ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला तो मागे घेतला गेला. मला खटकते ते असे की इतक्या टेबलांवरून फिरलेल्या त्या कागदावर, कलम ३७७वरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला सहा वर्षे होत आलेली असताना, एकाही वरिष्ठ डॉक्टरची नजर अडखळली नाही.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक रुग्ण सांगते. विशीतला एक मुलगा एका डॉक्टरांकडे गेला होता. ‘बाहेर कुठल्या बाईकडे गेला होतास का?’ असे त्याला विचारण्यात आले. तो ‘नाही’ म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. त्याचा संबंध पुरुषाशी आला होता. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी २८ दिवसांची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तो माझ्यापर्यंत पोचला पाचव्या दिवशी. पुढे काय झाले ते मी येथे लिहिणार नाही. ‘संबंध स्त्रीशी, पुरुषाशी की दोघांशी?’ हा प्रश्न आवाज न बदलता विचारायला दहा सेकंद लागतात, पण तो तसा विचारण्याचा सराव मला कोणी दिला नाही आणि त्या डॉक्टरांनाही दिला नसावा.

आपल्या सोलापुरात यल्लमा देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्याच्या परडीत श्रद्धेने पीठमीठ घालणारी घरे आहेत. त्याच घरातला मुलगा ॲप्रन घातल्यावर बोळा शोधतो, तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात टाकणे मला पटत नाही. वॉर्डात सर ज्या रुग्णाशी जसे बोलतात तसेच पोरे बोलतात. म्हणून माझे मागणे शिक्षकांकडे आहे: वर्गात हशा पिकला तर तास तिथेच थांबवा, तोंडी परीक्षेत तो दहा सेकंदांचा प्रश्न विचारायला लावा, आणि व्याख्यानाला खुद्द या समाजातल्या माणसांना बोलवा.

त्या ताईंकडे मी नंतर स्वतः गेले आणि माफी मागितली. विद्यार्थ्यांसमोर येऊन बोलाल का, असेही विचारले. त्या तयार आहेत, मात्र त्यांची एक अट आहे. ‘मला केस म्हणून उभी करू नका, मॅडम. बसायला खुर्ची द्या.’ शहरातल्या ज्या शिक्षकांना असा तास ठेवायचा असेल, त्यांनी मला मेसेज करावा.