सगळ्यात मोठा बॅट्समन ठरवायचाय? आधी आडनाव बघा

वनडेतला सगळ्यात मोठा बॅट्समन कोण, हे ठरवायला बसणार असाल तर आधी मॅच बघायची सवय सोडा. मॅच बघितली की माणसाचं मत बदलू शकतं, आणि मत बदलणाऱ्याला आमच्या तिठ्यावर कोणी चहा पाजत नाही.

तिठा म्हणजे वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या अंगाला जाताना वडाखाली लागतो तो. चहाचं दुकान, दोन बाकडी आणि मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी. हा निवाडा इथे तीसेक वर्षं चालू आहे. कोकणात दावा मिटत नसतो, तो वारसांकडे जातो. सामाईक सातबाऱ्यावर बत्तीस नावं असावीत आणि प्रत्येकाला माड आपलाच वाटावा, तसं हे. तुम्ही नवीन असाल तर पुढचं नीट ऐकून घ्या. फुकट सांगतोय.

वेळ रात्रीची धरा, आणि तीही लाईट गेलेली. लाईट गेली की पाठोपाठ मोबाईलची रेंज जाते, आणि रेंज गेली की आकडे तपासणारी कार्टी गप्प बसतात. अशा अंधारात वेस्ट इंडीजच्या व्हिव्ह रिचर्ड्सला खुशाल दीडशेच्या स्ट्राइक रेटने, म्हणजे शंभर चेंडूंत दीडशे धावांच्या वेगाने खेळवा. खरा ९०.२० होता, आणि त्या काळात तोही अंगावर काटा आणणारा होता. पण खऱ्यावर भागणारा माणूस तिठ्यावर येतो कशाला?

आता मुख्य गोष्ट. आधी बॅट्समन ठरवायचा, मग आकडा शोधायचा. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. कोळणीच्या पाटीत आपला डोळा कुठल्या सुरमईवर आहे ते लांबूनच ठरलेलं असतं. कल्ले वर करून बघणं हे नंतरचं, चार माणसं बघतायत म्हणून. तसंच करा. तुमचा माणूस सचिन असेल तर एकूण धावांचे कल्ले उघडा: ४६३ सामने, १८,४२६ धावा, ४९ शतकं. विराट असेल तर १५ नोव्हेंबर २०२३ ची तारीख पाठ हवी. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल, पन्नासावं शतक, आणि ज्याचा विक्रम मोडला तोच स्टँडमध्ये टाळ्या वाजवतोय. रोहित असेल तर एकच आकडा बास, २६४. १३ नोव्हेंबर २०१४ ला ईडन गार्डन्सवर श्रीलंकेची अख्खी टीम मिळून २५१ वर आटपली, म्हणजे एकटा रोहितच तेरा धावांनी जिंकला. त्याचा कॅच चारवर सुटला होता, हे मात्र समोरच्याला आठवू द्यायचं नाही. समोरचा सचिनवाला असेल आणि फारच उड्या मारत असेल तर हळूच विचारा, पहिलं शतक कितव्या सामन्यात? एकोणऐंशीव्या. सप्टेंबर १९९४, कोलंबो. तो लगेच म्हणेल, आधी तो खाली खेळायचा, ऑकलंडला ओपनिंगला पाठवला तेव्हा ४९ बॉलांत ८२ मारल्या. बरोबरच आहे त्याचं. म्हणून तेवढ्यात चहा मागवा.

सरासरीचं नाव मात्र मोठ्याने काढू नका. एकदा आमच्यात एक पतपेढीतला माणूस येऊन बसला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सरासरीनेच ठरवायचं तर नेदरलँड्सचा रायन टेन डोशेट आहे, ३३ सामन्यांत बरोब्बर ६७. बाकडं गप्प. आबांनी विडी विझवली आणि विचारलं, "तो खयच्या वाडीतलो रे?" त्या माणसाला आम्ही परत बोलावलं नाही. सरासरी काढलीच तर ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हनही येतो, ५३.५८ घेऊन. त्याला परतवायचा उपाय सोपा आहे: नाबाद राहून राहून फुगवलेली सरासरी ती, म्हणा. आणि धोनीचा विषय निघाला की नाबाद राहणं ही केवढी तपश्चर्या असते ते समजावून सांगा. फक्त दोन वाक्यांमध्ये एका चहाचं अंतर ठेवा.

काळाचं हत्यार म्हाताऱ्यांच्या हाती शोभतं, पण तुम्हीही वापरू शकता. "आमच्या वेळार हेल्मेट होता खय?" एवढं म्हटलं की निम्मी पिढी बाद. उरलेल्यांना २०११ सांगा. दोन टोकांना दोन नवे चेंडू आले, बॉल जुना होईना, जुन्या बॉलचा रिव्हर्स स्विंग संपला, मग काय, कोणीही मारायला लागला. समोरचा दक्षिण आफ्रिकेच्या डिव्हिलियर्सचं ३१ चेंडूंतलं शतक काढेल. काढू दे. दोन नवे बॉल होते, म्हणा. तो म्हणेल, नवा बॉल तर खेळायला जास्त कठीण. तुम्ही म्हणा, दोन नवे बॉल होते.

न बघितलेल्या इनिंगबद्दल सगळ्यात आत्मविश्वासाने बोलता येतं, म्हणून कपिलची १७५ जवळ ठेवा. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, समोर झिंबाब्वे, आपले ५ बाद १७. त्या सामन्याचं चित्रीकरणच नाही. त्यामुळे आमच्या गावात ती किमान अकरा जणांनी डोळ्यांनी बघितलेली आहे. त्यातल्या एकाचा जन्म ८५ चा. एकेक सिक्स कुठे पडला ते आमचे भाऊकाका हाताने दाखवतात आणि दर वर्षी तो थोडा पुढे पडतो. गेल्या मे मध्ये एक थेट चर्चमागच्या नारळात गेला. टनब्रिज वेल्सला नारळ नसतात, असं म्हणालात तर बसण्याची जागा गेली तुमची.

बघितलेल्या इनिंगचं जरा अवघड असतं. माझ्यापुरती सांगतो, शारजातली. २२ एप्रिल १९९८. आंबा ऐन भरात. चुलत्यांच्या ओटीवर एका बाजूला पेट्या भरणं चालू, पेंढा पायाखाली, टीव्हीखाली, चहाच्या कपातसुद्धा. केबल तेव्हा नुकती आलेली. वायर या माडावरून त्या माडावर, वारा सुटला की चित्र जायचं. सचिन खेळत होता आणि एकदम पडदा पिवळसर धूसर झाला, माणसं दिसेनात. चुलत्यांनी टीव्हीच्या डोक्यात दोन चापट्या मारल्या. मग केबलवाल्याच्या सात पिढ्या निघाल्या. मग चुलतभावाला टॉर्च देऊन माडावर चढवला. तो वरून ओरडतोय, "इली काय रे?" आणि ओटीवरून आम्ही सगळे, "नाय इली!" आमच्या वायरीला काहीच झालेलं नव्हतं. वारा तिकडे, शारजात सुटला होता. वाळूचं वादळ येऊन खेळ थांबला होता आणि आम्ही माड हलवत होतो. खेळ परत सुरू झाला, चित्र स्वच्छ झालं, आणि भाऊ खाली उतरून म्हणाला, "मी जोडलंय." शेवटी सचिनच्या एकूण १४३ झाल्या. चुलतभाऊ आजही त्यातल्या निदान पन्नास स्वतःच्या धरतो.

ती मॅच आपण हरलो होतो, २६ धावांनी. फायनल गाठायला २३७ पुरे होत्या, तेवढ्या झाल्या. फायनल दोन दिवसांनी, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, तिथे १३४ मारून जिंकलो. पण तिठ्यावर दोन्ही सामने मिळून एकच सामना आहे आणि तो आपण जिंकलेला आहे. तुम्ही तो सोडवायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, मला आठ दिवस उकडा चहा मिळाला, बिनसाखरेचा.

इथवर आलात तर आता आतली गोष्ट सांगतो. आकडे, काळ, वादळ ही सगळी वरची पेंढी आहे. खाली पेटीत आडनाव आहे. गावस्कर, वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर. शेवटी "कर" लागलं की अर्धा खटला जिंकला. गावस्कर आमच्याच तालुक्यातले, हे इथे शाळेत न गेलेलं पोरही सांगतं. तेंडोली कुडाळ तालुक्यात, म्हणजे एसटीने जाऊन दुपारी जेवायला परत. आगरकर तर थेट परसातला, आगरात माड आणि माडाखाली अजित. तो बॅट्समन नव्हता म्हणाल, तर २००० साली राजकोटला २१ चेंडूंत ५० कोणी केल्या? भारताकडून वनडेत त्याहून जलद अर्धशतक कोणाचं आहे ते शोधत बसा, रेंज आली की.

"कर" नसलेल्यांचीही सोय आहे. रोहित बोरिवलीत वाढला आणि मराठी फर्डं बोलतो, घेतला. द्रविडचं सासर-माहेर कुठलं यावर एकदा दीड तास गेला, पण तो मराठी घरातला, एवढ्यावर त्यालाही घेतला. विराटसाठी अजून काही सापडलेलं नाही. चाकरमान्यांपैकी एकजण अलिबागच्या त्याच्या घराचं काहीतरी सांगत होता. अलिबाग कोकणात येतं की मुंबईत, यावर ठराव प्रलंबित आहे.

आडनावाच्या मार्गात एकच खड्डा आहे, तो आधी सांगितलेला बरा. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिला वर्ल्ड कप. इंग्लंडने ६० ओव्हरांत ३३४ केल्या आणि आपल्या तालुक्याने, म्हणजे गावस्करांनी, १७४ चेंडू खेळून नाबाद ३६. विरोधी पक्ष ही इनिंग दर मोसमात काढतो, खारातल्या कैरीसारखी. घाबरू नका. म्हणा, विकेट दिली का? नाही दिली. साठ ओव्हर उभा राहिला. आमच्याकडे पावसाळ्यात घर साठ ओव्हर उभं राहिलं तरी लोक देवाला नारळ देतात. तरीही कोणी हसलंच तर नागपूर १९८७ काढा: न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३, अंगात ताप. एवढी एकच सेंच्युरी आहे वनडेत, म्हणून जपून वापरा, दर सीझनला एकदाच.

शेवटची सूचना बायकामुलींबद्दल. त्यांना बाकड्याजवळ येऊ देऊ नका. माझं ऐकलं नाही त्याचा परिणाम मी गेल्या मे मध्ये भोगला. भाची आली होती, दहावीतली, दुकानात दूध न्यायला. बाकड्यावर तेव्हा ग्वाल्हेर चालू होतं. २४ फेब्रुवारी २०१०, सचिन नाबाद २००, वनडेतलं जगातलं पहिलं द्विशतक. भाऊकाका शेवटच्या रनला उभे राहिले होते, हात आभाळाकडे. पोरगी पिशवी हातात धरून म्हणाली, "पहिलं नाही ते."

भाऊकाकांचा हात तसाच वर.

"पहिलं ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचं. नाबाद २२९. डेन्मार्कविरुद्ध, १९९७ च्या वर्ल्ड कपमध्ये. बारा वर्षं आधी." मग जाता जाता हरमनप्रीतच्या डर्बीतल्या नाबाद १७१ किती चेंडूंत, तेही विचारलं. ११५. कोणाला आलं नाही. रेंज होती, हे आमचं दुर्दैव. चाकरमान्याने तिथल्या तिथे तपासलं आणि मोबाईल खिशात घातला. एकाने दोन नवे बॉल होते का म्हणून विचारलं, पण आवाजात दम नव्हता.

आबांना अलीकडे कमी ऐकू येतं. ते इतका वेळ भिंतीला टेकून होते. पुढे वाकून त्यांनी मला कोपर मारलं.

"कोण म्हणता ता? क्लारकर?"

मी मान हलवली, हो की नाही ते कळणार नाही अशी.

"खेळला खय?"

"मुंबैत," भाची म्हणाली. खरंच मुंबईत झाली होती ती मॅच.

आबा मागे टेकले. विडी पेटवली. "खयचा रे ता चेडू? शिरोड्याचा?"

भाऊकाकांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, शिरोड्याला क्लारकरांची दोन घरं आहेत, मिठागराच्या बाजूला.