सामायिक फोल्डरच्या आग्रहाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जावा अॅप्लिकेशनच्या प्रत्येक आवृत्तीच्या लायब्ररी (जार फाइल) आणि कॉन्फिगरेशन (प्रॉपर्टीज) फाइल एकत्र बांधून त्या क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातल्या, प्रत्येक नोडवर (सर्व्हरवर) स्वतंत्र डिरेक्टरीत उतरवाव्यात, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, "एनएफएसवर [नेटवर्कवरून सर्व सर्व्हरना दिसणाऱ्या डिस्कवर] एक सामायिक फोल्डर ठेवा, जार आणि प्रॉपर्टीज फाइल त्यात टाका, क्लस्टर आपोआप एकसारखा राहतो, ज्यांनी प्रॉडक्शन पाहिलेले नाही तेच असली कर्मकांडे सांगतात." मतभेदाचे मला वावडे नाही, पण ज्याची ओळखदेख नाही अशा माणसाच्या अनुभवावर शेरा मारून मग तांत्रिक चर्चेची अपेक्षा करणे मला अशोभनीय वाटते.

प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती यंत्रणा, मी पाहिले आहे. रात्रीच्या डिप्लॉयमेंटची (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याची) जबाबदारी मी कित्येक वर्षे सांभाळली, आणि त्यातला मोठा काळ आपण सुचवता तशाच सामायिक फोल्डरवर चालणाऱ्या एका संस्थेत गेला. तिथे कोणीतरी दिवसा नवी जार टाकून मोकळे होत असे आणि सगळे सुरळीत दिसत असे. मग एखादा नोड रीस्टार्ट झाला की तेवढ्याच नोडवर ‘नो सच मेथड एरर’ (कोडला हवा तो भाग सापडत नसल्याची त्रुटी) सुरू होई आणि बाकीचे नोड ठणठणीत असत.

याचे कारण सरळ आहे. डिस्कवरची फाइल एक असली तरी प्रत्येक नोडच्या मेमरीत तीच आवृत्ती असते असे नाही. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी प्रणाली) क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, गरजेनुसार लोड करते आणि लोड झालेला क्लास फाइल बदलल्याने बदलत नाही. बहुतेक अॅप्लिकेशन प्रॉपर्टीज फाइलही सुरू होतानाच वाचतात. म्हणजे फोल्डर बदलल्या क्षणापासून पुढच्या रीस्टार्टपर्यंत कोणता नोड कोणत्या आवृत्तीवर आहे हे फोल्डर पाहून सांगता येत नाही. त्यात उघडलेल्या जारवरच नवी जार लिहिली, तर जेव्हीएमने आधी वाचून ठेवलेली तिची अनुक्रमणिका खोटी ठरते. जावा 8 पर्यंत ती मेमरीत मॅप होत असल्याने संपूर्ण जेव्हीएम कोसळू शकते. लिनक्सचा एनएफएस क्लायंटही फाइलची माहिती मुळातच 3 ते 60 सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो. सेशन रेप्लिकेशन (वापरकर्त्याच्या सेशनची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवणे) असेल आणि दोन नोडवरच्या क्लासचे सीरियल क्रमांक जुळले नाहीत, तर सेशनच उघडत नाही, हे वेगळेच.

माझ्या पद्धतीत डिस्कवर जागा जास्त लागते, हे आपले म्हणणे मात्र मान्य आहे.

नाईट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचा दाखला आपण दिला आहे. 2012 च्या ऑगस्टमध्ये 8 पैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचला नाही आणि सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरचे नुकसान झाले, हे खरे. परंतु त्यावर उपाय म्हणजे ट्रॅफिक (वापरकर्त्यांच्या विनंत्या) देण्याआधी प्रत्येक नोडवरचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासणे. ते माझ्या लेखात होते. आपण तिथवर वाचले असावे असे दिसत नाही. 2021 च्या लॉगफोरजे (जावाची नोंदी ठेवणारी लायब्ररी) मधल्या सुरक्षा-त्रुटीच्या प्रकरणाबद्दल एवढेच, की सामायिक जार बदलूनही चालू नोड रीस्टार्ट होईपर्यंत असुरक्षितच होते. उरलेल्या मुद्द्यांत उत्तर देण्याजोगे काही आढळले नाही.

पुन्हा लिहिणार असाल, तर माझ्या अनुभवाचा हिशेब बाजूला ठेवून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: नवी आवृत्ती आधी निम्म्या नोडवर चालवून पाहायची असेल आणि बिघडल्यास तेवढ्याच नोडवर मागे फिरायचे असेल, तर आपल्या त्या एका फोल्डरमध्ये कोणती जार ठेवाल?