नाऊरू ओस पडलेला नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला थांबलो असताना मोबाईलवर मेसेज आला : ‘फॉस्फेट संपलं आणि नाऊरू देश ओस पडला.’ हे खरं नाही. प्रशांत महासागरातल्या जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर आजही बारा हजारांच्या आसपास माणसं राहतात.

बुडाला तो पैसा. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने, खतासाठी खणून विकलेल्या फॉस्फेटच्या कमाईतून, मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली. २००४ मध्ये कर्जापायी ती विकावी लागली. गुंतवणूक केली होती, पण सांभाळली नाही. मला हीच गोष्ट जास्त लागते.

आता उत्पन्न मुख्यतः ट्यूना मासेमारीचे परवाने आणि ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणाऱ्यांना ठेवण्यासाठी या बेटावर चालवलेल्या निर्वासित केंद्रातून येतं. २०१५ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी नवा निधीही उभारला आहे. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी एवढं जरूर कळवावं.