वीज मीटर खात नाही, गिझर खातो

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले कित्येक महिने एकच वाद धुमसतोय: नवा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसला आणि बिल वाढलं, म्हणजे मीटर पळतो. सांगलीच्या माझ्या मामेभावाने तर मीटर बदलायला आलेल्या माणसाला फाटकातूनच परत पाठवलं. मी काही लिहिलं की उत्तर ठरलेलं, "ताई, तू पौंडात कमावतेस, तुला काय कळणार इथलं बिल?"

बिलाची धास्ती काय असते ते मला इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला कळलं. ऑक्टोबर 2022 मध्ये इथे युनिटचा दर 34 पेन्सवर गेला, तेव्हाच्या भावाने तीस रुपयांच्या वर. शिवाय रोजचा स्टँडिंग चार्ज वेगळा, दिवा लावा नाहीतर लावू नका. त्या हिवाळ्यात आम्ही टंबल ड्रायरला हात लावला नाही; मुलांचे गणवेश घरातल्या वाळत घालायच्या स्टँडवर दोन-दोन दिवस दमट राहायचे. स्वयंपाकघरातल्या, वीजवापर दाखवणाऱ्या डिस्प्लेकडे माझं सारखं लक्ष असायचं. घरभर दिवे लावले तरी आकडा जेमतेम हलायचा, आणि किटल लावली की थेट तीन किलोवॅटच्या घरात. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. वीज खातं ते तापवणारं आणि थंड करणारं यंत्र. भांडायचं तर त्याच्याशी.

मामाकडचंच बघा. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट. तो पहाटे लागतो आणि शेवटची अंघोळ होईपर्यंत कोणी बंद करत नाही. रोजचे दोन युनिट धरले तरी महिन्याला साठ. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे दुपटीच्या आसपास जातो, पण तो फक्त वरच्या युनिटना लागतो. शंभर ओलांडले की सगळंच बिल महाग होतं हा गैरसमज आहे. म्हणजे गिझरवर वाचवलेलं युनिट हे महागातलं युनिट असतं. एसी 24 वर ठेवा, 18 वर नको. एकेका अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते. आणि मीटरवर संशयच असेल तर शुल्क भरून तो तपासून मागता येतो. तो हक्क वापरायचा सोडून ग्रुपवर व्हिडिओ कसले फिरवता?

प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरायच्या मीटरच्या बाबतीत मात्र मी भावाच्या बाजूची. इथे वीज कंपन्यांचे लोक थकबाकीदारांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन शिरायचे आणि प्रीपेमेंट मीटर बसवायचे. पैसे संपले की ऐन थंडीत अंधार. फेब्रुवारी 2023 मध्ये ऑफजेमला, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाला, कंपन्यांना हा प्रकार थांबवायला सांगावं लागलं. महाराष्ट्रात सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जून 2024 मध्ये फडणवीसांनी जाहीर केलं, ते लोकांनी आवाज उठवला म्हणून. तो आवाज रास्तच होता.

पण टीओडी म्हणजे प्रीपेड नव्हे. जुलै 2025 पासून या मीटरवर घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे, कारण दिवसा सौरऊर्जा मुबलक असते. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी उरकली की झालं. हे आपल्याला नवीन आहे का? भारनियमनाच्या काळात वीज जायच्या आत मिक्सर फिरवणारी, मोटर लावून टाकी भरून ठेवणारी माणसं आपण. इथले लोक इकॉनॉमी सेव्हनसाठी, म्हणजे रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त दरासाठी, रात्री मशीन लावतात तेव्हा मला आमचं तेच घर आठवतं.

"तुला काय कळणार" हे मला लागतं, आणि त्याचं खरं कारण मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. आई सांगलीत एकटी राहते. तिचं बिल अजून बाबांच्या नावावर आहे आणि ते मी इथून भरते. लेस्टरचा ग्राहक क्रमांक मला पाठ नाही, तिचा बारा आकडी क्रमांक मात्र आहे. ॲपवर मी आधी युनिट बघते, रक्कम नंतर. यंदा मे महिन्यात तिचे युनिट फेब्रुवारीइतकेच होते. सांगलीच्या उन्हाळ्यात! कूलर कोपऱ्यात झाकून ठेवलेला आणि रात्री पंखाही बंद. विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कशाला जाळायची वीज?"

याला मी बचत म्हणणार नाही. तिच्या 75 वॅटच्या पंख्याला आठ तासांत फक्त 0.6 युनिट लागतो. त्याच्या जागी बीएलडीसी पंखा बसवायला मी मामेभावाला पैसे पाठवलेत; 30 वॅटचा तो पंखा रात्रभर फिरला तरी पाव युनिट होत नाही. मीटरचा वाद त्याने खुशाल चालू ठेवावा, पण या रविवारी तो पंखा बसवून द्यावा आणि आईला हा हिशेब तिच्यासमोर बसून समजावून सांगावा. माझं ती फोनवर ऐकत नाही.